काठातलं पाणी

मी जन्माची भित्री. पालीला भिते, विजेला भिते, तारवाल्याला तर अजूनही भिते. पण या सगळ्या भीतींची थोरली बहीण म्हणजे एका बरणीच्या काठातलं पाणी आटून जाईल ही भीती. तिची नि माझी गाठ मी नऊ वर्षांची असताना पडली. बाकीच्या भीती आल्या आणि गेल्या, ही मात्र घरचीच होऊन बसली.

आमचं घर शेगावात, स्टेशनाच्या रस्त्यामागच्या गल्लीत होतं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि मोठं सरकारी काम निघालं की माणसं नागपूरची गाडी धरत. माझे बाबा चिनी होते. एका मोठ्या नदीकाठच्या गावातून ते तरुणपणी निघाले, कलकत्त्याला उतरले आणि तिथून गावोगावच्या बाजारांत दात काढत, दात बसवत वऱ्हाडात येऊन पोचले. माय इकडचीच, धामणगाव बढ्याची. लहानपणी लग्न झालं आणि लहानपणीच कपाळ पुसलं गेलं. दाढ दुखते म्हणून ती बाबांच्या पेटीसमोर येऊन बसली होती. "दाढ काढाले गेली आन् संसार मांडून आली," असं ती स्वतःच सांगायची आणि तोंडाला पदर लावून हसायची. तिच्या माहेरी मात्र कोणी हसलं नाही. मामा दोनदा तिला परत न्यायला आला. दोन्ही वेळा त्याचं म्हणणं एकच होतं, "चिन्याचा काय भरोसा? आज हाये, उद्या पेटी उचलून जाईन. मंग तू कोणाच्या दारात बसशीन?"

मामा असं बोलत असताना बाबा उठायचे. स्वयंपाकघरात जाऊन ते बरणीच्या काठात पाणी घालत उभे राहत. काठ भरून पाणी जमिनीवर सांडायचं, तरी त्यांचा हात थांबायचा नाही. हे मी दोन्ही वेळा पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ मला लागला नव्हता.

त्या स्वयंपाकघराबद्दल आधी सांगायला हवं, कारण गल्लीतल्या बाया ते मुद्दाम पाहायला यायच्या. त्यात दोन चुली होत्या. एक मायची, जमिनीवरची. भाकर थापायची तर बसूनच. दुसरी बाबांनी स्वतःच्या हातांनी बांधलेली. कंबरेइतकी उंच, विटांची, पांढऱ्या मातीनं सारवलेली. तिच्या वर दोन भोकं होती आणि मोठ्या भोकात लोखंडी कढई निम्मी आत रुतून बसायची. त्या चुलीवर उभं राहून रांधायचं. तिचं तोंड दाराकडे होऊ द्यायचं नाही असा बाबांचा कडक नेम होता. दारातून येणाऱ्याला घराचं पोट दिसू नये म्हणे. बाया हसायच्या. "उभ्यानं सयपाक? घोड्यावर बसून आली काय वं?" माय सांगायची, "हाव. तुमच्या कंबरा धरल्या की तुम्ही पण उभ्याच राहसान."

उंच चुलीच्या वरच्या भिंतीत कोनाडा होता आणि कोनाड्यात लाल कागदावर छापलेला चुलीचा देव. तो वर्षभर घरातलं बरंवाईट बघतो आणि वर्ष संपताना वर जाऊन सगळं सांगतो. म्हणून त्या दिवशी बाबा त्याच्या तोंडाला पाक चोपडत, म्हणजे त्याचे दात चिकटतील आणि बोललाच तर गोड बोलेल. मग तो कागद जाळायचा. सात दिवस कोनाडा रिकामा, आणि मग कलकत्त्याहून टपालानं आलेला नवा कागद चिकटवायचा. हे सगळं संक्रांत झाल्यावर यायचं, त्यामुळे माय तिळगुळाचाच थोडा पाक बाजूला ठेवी आणि देवाला हळदकुंकूही लावून टाकी. दातवाल्याच्या घरात देवाचे दात चिकटवायचे, याचं तिला फार हसू यायचं. मला यायचं नाही. वर जाऊन सांगण्यासारखं माझं काही ना काही नेहमीच असायचं.

आणि या चुलीमागे, ऊन कधी पोचत नसे अशा कोपऱ्यात, वाळूच्या थरावर ती बरणी. चिनी मातीच्या बरण्या लोणच्यासाठी घरोघरी असतात. आमची खरोखरच चिनी होती. तपकिरी, पोटाळ, दोन हातांच्या कवेत मावणारी. तिच्या गळ्याभोवती बोटभर खोल खाच होती. झाकणाचा वाडगा त्या खाचेत पालथा बसायचा आणि मग खाच पाण्यानं भरायची. असं केलं की बाहेरची हवा आत जात नाही, आतली मात्र अधूनमधून बुडबुडा होऊन बाहेर येते. बरणीत मिठाचं आंबट पाणी असायचं. त्यात मुळा, चवळीच्या शेंगा, हिरव्या मिरच्या सोडायच्या आणि चार दिवसांनी काढायच्या. भाजी बदलायची, पाणी तेच. हे पाणी बाबांच्या आईनं लावलेलं होतं. ते घरून निघाले तेव्हा तिनं बांबूच्या नळीत थोडं भरून दिलं. कलकत्त्यात बरणी घेऊन त्यांनी ते वाढवलं, आपण विरजणानं दही वाढवतो तसं. नियम दोनच होते. आत तेलाचा थेंब जाता कामा नये, आणि काठ कोरडा पडता कामा नये.

बाबा बाजाराचे वार धरून फिरतीवर जात. जळगाव जामोद, नांदुरा, खामगाव करत पंधरा पंधरा दिवस बाहेर. परत आले की पत्र्याची पेटी उंबऱ्यात ठेवत आणि माझ्याकडे नाही, मायकडे नाही, सरळ बरणीकडे जाऊन काठात बोट बुडवत. बोट ओलं झालं की त्यांचा चेहरा सैल पडायचा. मग हात धुऊन कोरडे करायचे, जेवायच्या दोन काड्यांनी मुळ्याची फोड काढायची. पहिली फोड कोनाड्यासमोर, दुसरी मला, तिसरी मायला, आणि मग पेजेसोबत स्वतः. मला त्या बरणीचा राग यायचा. माणूस पंधरा दिवसांनी घरी येतो आणि आधी भेटतो कोणाला, तर मुळ्याला!

काठ भरायचं काम माझ्याकडे होतं. थंडीत दोन-तीन दिवसांनी, वैशाखात सकाळ-संध्याकाळ. काम सोपवताना बाबा त्यांच्या मोडक्या वऱ्हाडीत म्हणाले होते, "हा पाणी मेला ना, तर दुसरा आणाले मले आईच्या घरी जा लागन." ते हसत म्हणाले होते. मी मात्र ते जसंच्या तसं गिळलं आणि ते माझ्या पोटात तसंच राहिलं.

त्याला कारणही होतं. खामगावात एक चिनी रेशीमवाला राहायचा. येताजाता आमच्याकडे पेज प्यायचा, मला कापडाच्या चिंध्या द्यायचा. "घरी जाऊन येतो," म्हणून तो गेला तो गेलाच. दोन वर्षांनी त्याची बाई आमच्या दारात येऊन बसली. बाबांना विचारायला लागली, "भाऊ, तिकडून याले किती दिवस लागतेत?" मायनं तिला जेवू घातलं. त्या दिवशी मला पक्कं कळलं की चिनी बाप जाऊ शकतो, आणि आमच्या बापाला धरून ठेवणारी एकच गोष्ट या घरात आहे, ती म्हणजे मी भरलेला काठ.

त्या वैशाखात बाबा फिरतीवर असताना मायला सातव्याच महिन्यात दुखायला लागलं. माहेरी निरोप कोणी धाडला कोण जाणे, दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं मामा हजर झाला आणि त्याच्यासोबत थोरली मावशी. या वेळी मामा भांडला नाही. त्यानं मायला धरून गाडीत बसवलं. मलकापूरपर्यंत रेल्वे आणि पुढे बैलांच्या दमणीनं धामणगाव, तिथल्या हुशार सुईणीच्या हाती. मायची ट्रंकसुद्धा त्यानं उचलली. बाबांना कळवायचं तर ते कोणत्या बाजारात बसले आहेत हे कोणाला ठाऊक होतं? पोरीचं लोढणं नको म्हणून मला मागे ठेवलं आणि माझ्याजवळ मावशीला. निघताना मायचा चेहरा पांढरा पडला होता. ती मला एवढंच म्हणाली, "काठ पाहजो वं."

मावशी आमच्या घरी पहिल्यांदाच आली होती. बाई हाताची चोख. तिचं लोणचं तीन तीन वर्षं टिकतं अशी धामणगावात ख्याती. तिनं उंच चुलीला हात लावला नाही. उभ्यानं शिजवलेलं अंगी लागत नाही असं तिचं मत होतं. कोनाड्यातल्या देवाकडे तिनं बराच वेळ पाहिलं आणि कोणताही असो, देव तो देव, म्हणून घाईघाईनं हात जोडले. आपलं गाठोडं तिनं खुंटीला टांगलं नाही. ते ती विहिरीवर जाताना, देवळात जाताना काखेतच ठेवायची, जणू आमचं घर पाठीमागून नाहीसं होणार होतं. मग ती चुलीमागे वाकली.

"हे काय हाये वं?"

"लोणचं," मी म्हणाले.

खोटं बोलायचं असं काही मी ठरवलं नव्हतं. पण खरं काय सांगणार? हे चिनी आजीनं लावलेलं आंबट पाणी आहे म्हटलं असतं, तर मावशी आमच्या घरात पाणीसुद्धा प्यायली नसती. मामाला सांगितलं असतं, आणि मामानं मायला परत पाठवलंच नसतं. मला मावशी जेवायला हवी होती. आपलंही घर चारचौघांसारखं आहे, आपल्याकडेही लोणचं असतं, असं तिला वाटायला हवं होतं. ते तिला वाटलं, आणि तिथंच घात झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीनं बरणी ओढून बाहेर काढली. काठातलं पाणी पाहून ती डोक्याला हात लावून बसली. "अवं माय! लोणच्याच्या तोंडाशी पाणी? नासून जाईन ना! तुह्या मायले इतलंही कोणी शिकवलं नाई?" तिनं पदरानं काठ पुसला. आतून-बाहेरून, खाचेत बोट घालून, अगदी कोरडा ठणठणीत. आत डोकावून म्हणाली, "आन् तेल कुठी हाये? तेल वर आलं पाह्यजे." मग तिनं जमिनीवरच्या चुलीवर तेल कडवलं, थंड केलं आणि बोटभर उंचीचं बरणीत ओतलं. तोंडाला स्वच्छ फडकं बांधलं आणि बरणी अंगणातल्या कट्ट्यावर उन्हात ठेवून दिली. इतक्या मायेनं कोणी कोणाचा सत्यानाश केलेला मी पुन्हा पाहिला नाही.

मी तिथंच बसले होते. सगळं पाहत होते. तेलाची धार आत गेली, तरी मी तोंड उघडलं नाही. आता बोलायचं तर कालचं खोटं बाहेर येणार. भित्र्या माणसाचं असंच असतं. दाराबाहेरच्या वाघापेक्षा त्याला समोर बसलेली मावशी मोठी वाटते.

तीन दिवस बरणीनं वैशाखाचं ऊन खाल्लं. तीन दिवस मी तिच्याकडे पाहायचं टाळलं, आणि टाळायला म्हणून जिकडे बघावं तिकडे तीच दिसायची. चौथ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, मावशीनं फडकं सोडलं. वास अंगणभर पसरला. तेलाखाली पांढरी साय धरली होती आणि मुळ्याच्या फोडी बोट लावताच विरघळत होत्या.

मावशी नाकाला पदर लावून म्हणाली, "पाह्य, म्या म्हणलं होतं ना? पाण्यानंच नासलं. फेकून दे आन् बरणी राखेनं घासून ठेव." मग ती गाठोडं काखेत मारून गुरुवारचं देऊळ करायला निघून गेली.

दार लोटलं गेलं आणि मी घरात एकटी उरले. ती भीती मला आजही शब्दांत नीट सांगता येत नाही. बाबा दोन दिवसांत येणार होते. येणार, पेटी ठेवणार, काठात बोट बुडवणार. मग पेटी पुन्हा उचलणार. मी ते इतकं स्पष्ट पाहत होते की मला त्यांच्या पाठीवरचा घामाचा डागसुद्धा दिसत होता. माय धामणगावात मरतेय की जगतेय माहीत नाही, आणि इथं बाप माझ्या एका शब्दापायी जाणार. मग मीही त्या रेशीमवाल्याच्या बाईसारखी कोणाच्या तरी दारात बसून विचारणार, किती दिवस लागतात हो?

वर पाहिलं तर कोनाड्यातला देव माझ्याकडेच बघत होता. मी डब्यातला गूळ घेतला, उंच चुलीवर चढले आणि त्याच्या तोंडाला गूळ फासला. संक्रांत आठ महिने दूर होती, पण मला तेवढी वाट पाहणं शक्य नव्हतं. एकदा फासून समाधान झालं नाही म्हणून दुसऱ्यांदा फासला. त्याच्या मिशाही गुळाखाली बुडून गेल्या.

मग नासलेलं पाणी मी परसात कडुनिंबाच्या मुळाशी ओतलं. ओतताना, का कोण जाणे, चपला काढल्या. मेलेलं माणूस नेताना काढतात तशा. बरणी राखेनं घासली, ऊन पाण्यानं तीनदा खंगाळली आणि पुसून उंच चुलीवर पालथी घातली. ती पालथी बरणी पाहिल्यावर मला रडू फुटलं, आणि रडता रडताच एक गोष्ट आठवली.

समोरच्या घरात पिंजाऱ्याची बायको राहायची. आम्ही तिला खाला म्हणायचो. मागच्या पावसाळ्यात तिनं मायकडे हे पाणी मागितलं होतं. बाबांनी ते कोणाला कधीच दिलं नव्हतं; ते दुसऱ्याच्या घरी मरेल, असं त्यांना वाटायचं. पण मायच्या मते विरजण मागायला आलेल्या बाईला नाही म्हणणं हे पाप होतं. तिनं बाबांच्या चोरून वाटीभर पाणी दिलं होतं आणि मला दम भरला होता, "बाबाले सांगशीन तर पाह्य!"

मी धावत समोर गेले. खाला कापसाच्या ढिगाशेजारी बसून गादीला टाके घालत होती. मला पाहताच तिनं सुई बाजूला ठेवली.

"रडून काऊन राह्यली बेटी? माय तं बरी हाये ना?"

"खाला, मायनं तुले पाणी दिलं होतं ना? आंबट पाणी? ते हाये का? का मेलं?"

"मरन कसं? तुही माय म्हणे, काठ ओला ठेवजो. माह्याजोळ तशी बरणी नाई, तं म्या परातीत पाणी घालून त्यात मडकं ठेवलं अन् वर वाडगा पालथा घातला."

मी तिचं मडकं पाहिलं. परातीत पाणी होतं. त्या वेळी मी खालाच्या पायांवर डोकं ठेवलं ते मायनं शिकवलं होतं म्हणून नाही. तिनं मला उठवलं, माझ्याकडून सगळं काढून घेतलं, आणि मावशीनं तेल ओतलं हे ऐकून "या अल्ला!" म्हणत कपाळावर हात मारला. मग काचेच्या वाडग्यात पाणी काढता काढता जरा ओशाळून म्हणाली, "पण म्या यात लसूण टाकला हो. अन् मेथीदाणेबी. त्याबिगर आमच्या घरी कोणी खात नाई. तुह्या बाबाले समजन काय?"

समजणार होतं. पण मुळीच नसण्यापेक्षा मेथीचं बरं, असं म्हणून मी वाडगा दोन्ही हातांत धरला. गल्ली वीस पावलांची असेल. थेंब सांडू नये म्हणून मी पावलाला पाऊल लावून चालत होते आणि नजर वाडग्यावरच होती. त्यामुळे आमच्या उंबऱ्याशी येईपर्यंत मला काही दिसलं नाही. तिथं पाय कशाला तरी अडखळला. खाली पाहिलं, तर बाबांची पत्र्याची पेटी.

उन्हानं बाजार बसला नव्हता म्हणून ते दोन दिवस आधी आले होते.

मी आत पाहिलं. बाबा स्वयंपाकघरात जमिनीवर बसले होते. बाबा जमिनीवर असे कधी बसत नसत; बसले तर पाटावर. डोक्यावरची टोपीही काढलेली नव्हती. त्यांनी पालथी बरणी खाली उतरवून मांडीत घेतली होती आणि त्यांचं बोट त्या कोरड्या काठात गोल गोल फिरत होतं. वर कोनाड्यात देवाच्या तोंडाला मुंग्यांची रांग लागली होती.

मी वाडगा छातीशी धरला. त्यांनी वर पाहिलं. त्यांचे डोळे पाहून मला वाटलं, संपलं. मी तयारी केलेलं एकही वाक्य तोंडातून आलं नाही. जे आलं ते असं:

"बाबा, जाऊ नका. म्या दुसरं आणलं. याच्यात मेथी हाये, पण तेच हाये. मायनं खालाले दिलं होतं. मावशीनं तेल घातलं, म्या लोणचं म्हणलं म्हणून. तुम्ही आईच्या घरी जाऊ नका."

माझं बोलणं बाबांपर्यंत पोचलंच नसावं. मग त्यांनी विचारलं, "तुझा माय कुठी हाये?"

"धामणगावले. तिले दुखत होतं. मामा घेऊन गेला. मले मावशीजोळ ठेवलं."

"मावशी कुठी?"

"देवळात."

त्यांनी हळूच बरणी बाजूला ठेवली. मग खोलीत नजर फिरवत, एकेका जागेवर बोट ठेवून सांगितल्यासारखं, ते बोलू लागले. "मी आलो. दार उघडा. आवाज नाही. माझा चूल थंडा. दांडीवर लुगडा नाही. ट्रंक नाही. बरणी धुतला, पालथा ठेवला." ते थांबले. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली. "काठात पाणी हाये, म्हणजे घरात माणूस हाये. मी दरवेळी रस्त्यानं येतो, हेच म्हणतो. मामा नेईल, मामा नेईल, पण पाणी हाये तर नेला नाही. आज पाणी नव्हता. मले वाटलं, तुम्ही गेले."

माझे बाबा रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. आवाज नव्हता, पाणी गालांवरून सरळ खाली येत होतं आणि ते पुसत नव्हते. तोवर मला वाटत होतं की या घरात भीती एकट्या माझ्या वाट्याला आली आहे. तो सारा काळ आमच्या घरात दोन भित्री माणसं होती, आणि एकमेकांना न सांगता एकाच काठावर लक्ष ठेवून होती. मला त्यांची इतकी माया आली की मी वाडगा तिथंच ठेवून त्यांच्या मांडीत शिरले, बरणी होती त्या जागी.

बाबांनी नंतर वाडग्यात काडी बुडवून जिभेला लावली. कपाळाला आठी पडली. "मेथी," ते म्हणाले, आणि आणखी एकदा चव घेतली. मग उंच चूल पेटवली, मिठाचं पाणी उकळून गार केलं, त्यात खालाचं पाणी मिसळलं आणि बरणी तिच्या कोपऱ्यात बसवली. काठ मला भरायला लावला. मावशी देवळातून आली तेव्हा मी तिला खरं काय ते सांगितलं. ती गाठोडं खाली ठेवून म्हणाली, "मंग तवाच बोलाचं होतं ना पोट्टे." रागावली नाही. तिनं त्या दिवशी बाबांच्या हातची पेज घेतली, मात्र बसून.

संध्याकाळच्या गाडीनं आम्ही तिघं निघालो. निघण्याआधी बाबा गल्ली ओलांडून खालाकडे गेले. ते तिच्या दारात कधी गेले नव्हते. त्यांनी तिच्यापुढे घराची किल्ली ठेवली आणि म्हणाले, "सकाळी एकदा, शामला एकदा." खाला म्हणाली, "हाव भाऊ, जा तुम्ही बेफिकीर."

धामणगावला मामाच्या अंगणात बाबा पहिल्यांदाच उभे राहिले. मामानं या म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. तो दारातून थोडा बाजूला झाला, तेवढंच. आत माय खाटेवर पडून होती. सुईणीनं कळा थोपवल्या होत्या, पण उठायची मनाई होती. आम्हाला पाहून ती कोपरावर उठायला लागली. तिनं बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर एकदम भीती आली.

"तुम्ही दोघंबी आले?" ती म्हणाली. "मंग बरणीले पाणी कोण घालून राह्यलं?"

"खाला," बाबा म्हणाले.

मायनं चटकन माझ्याकडे पाहिलं, चोरी फुटली की काय म्हणून. मी हो म्हणून मान हलवली. मग ती पुन्हा आडवी झाली, आणि बाबा तिच्या पायांशी खाटेवर बसले.